चिलखती प्लेटची निवड : गोळी, पदार्थ आणि परिधान करणारा

प्रास्ताविक

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील महाविद्यालयांतून बाहेर पडणारे विद्यार्थी बहुतांशी कारखान्यांत जातात. तथापि त्यांच्यापैकी काही जण पोलीस दल, राज्य राखीव पोलीस बल, केंद्रीय निमलष्करी दले व सैन्य यांतही जातात आणि अडीअडचणीला आपल्या जुन्या शिक्षकांची आठवण ठेवतात. प्रस्तुत लेखाचे निमित्त अशीच एक विचारणा आहे. एका माजी विद्यार्थ्याने स्वखर्चाने प्लेट कॅरिअर घेतले होते व आता त्यात घालावयाच्या प्लेट तो विकत घेणार होता. त्याचा प्रश्न साधा होता : "सर, चौथ्या लेव्हलची प्लेट सगळ्यात भारी ना? तीच घेऊ का?" या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देता आले नाही. ते का देता आले नाही, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्लेट कॅरिअर म्हणजे बाह्या नसलेला, खांद्यावरून पट्ट्यांनी अडकवावयाचा जाड कापडी अंगरखा होय. त्यास पुढे व मागे एकेक मोठा कप्पा असतो. हा अंगरखा स्वतः गोळी अडवीत नाही. गोळी अडवते ती कप्प्यात सरकविलेली कठीण प्लेट. बोलीभाषेत आपण या सर्वांस सरसकट 'बुलेटप्रूफ जाकीट' म्हणतो आणि त्यामुळे अनेक गैरसमज निर्माण होतात. जणू काही जाकीट एकतर 'प्रूफ' असते किंवा नसते. वस्तुतः कोणतेही चिलखत ठरावीक गोळीपुढे, ठरावीक वेगापर्यंत, ठरावीक आघातांपुरते आणि शरीराच्या ठरावीक भागावरच संरक्षण देते.

महाराष्ट्रात हा विषय सार्वजनिक चर्चेत आला तो २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे शिरस्त्राण व जाकीट चढवीत असल्याचे दृश्य त्या रात्री दूरचित्रवाणीवर सर्वांनी पाहिले. त्यानंतर थोड्याच वेळात कामा रुग्णालयाच्या परिसरात करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे तिघे अधिकारी हुतात्मा झाले. पुढे करकरे यांचे ते जाकीट गहाळ झाल्याचे उघड झाले. श्रीमती कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकाराखाली त्याचा पाठपुरावा केला होता. जाकीट निकृष्ट होते काय, या प्रश्नावर दीर्घकाळ वाद झाला आणि मूळ वस्तूच हाती नसल्याने तो कधीच निर्णायकपणे मिटू शकला नाही. शवविच्छेदनाविषयी जे प्रसिद्ध झाले त्यानुसार गोळ्या खांदा व मान यांच्यामधील भागात लागल्या होत्या. म्हणजे जाकीट अस्सल होते की नकली, याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न होता : ते शरीराचा कोणता भाग झाकीत होते? चर्चेत हा दुसरा प्रश्न जवळजवळ मागेच पडला.

आधी गोळी, मग प्लेट

पुण्याकडून हॅरिस पुलावरून मुळा नदी ओलांडली की दापोडी लागते. पुलाच्या अलीकडे खडकीत १८६९ साली स्थापन झालेला दारूगोळा कारखाना आहे. तेथे लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. पुलाच्या पलीकडे दापोडीला सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील एका अधिकाऱ्याने चिलखताची नवी रचना केली, तिचा उल्लेख पुढे येईलच. नदीच्या एका तीरावर गोळी आणि दुसऱ्या तीरावर ढाल, असा हा योग आहे. प्लेट निवडणाऱ्यानेही याच दिशेने, म्हणजे गोळीकडून ढालीकडे, प्रवास करावयास हवा.

गोळीची गतिज ऊर्जा वस्तुमान व वेग यांवरून सहज काढता येते. कार्बाइनमधून सुटणारी ९ मिमी व्यासाची सुमारे ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४३० मीटर वेगाने जात असेल, तर तिची ऊर्जा सुमारे ७४० जूल भरते. एके-४७ ची ७.९ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७१० मीटर वेगाने आली तर सुमारे १,९९० जूल. नाटो देशांची ७.६२ मिमी गोळी ९.६ ग्रॅमची असून चाचणीत तिचा वेग सेकंदाला ८४७ मीटर ठेवतात; तिची ऊर्जा सुमारे ३,४४० जूल. आणि अमेरिकन चाचणीत सर्वांत कठीण समजली जाणारी १०.८ ग्रॅमची चिलखतभेदी गोळी, सेकंदाला ८७८ मीटर वेगाने, सुमारे ४,१६० जूल ऊर्जा घेऊन येते. पहिली व शेवटची यांत साडेपाच पटींहून अधिक अंतर आहे. पिस्तुलाच्या गोळीसाठी केलेले मऊ चिलखत रायफलच्या गोळीपुढे कापडाप्रमाणे फाटते, ते याचमुळे.

येथवर हिशेब सरळ आहे. पण तो येथेच थांबविला तर निवड चुकते. ५.५६ मिमी व्यासाची, टोकाशी पोलादी गाभा असलेली नाटोची गोळी जेमतेम ४ ग्रॅमची असते. सेकंदाला ९५० मीटर वेग धरला तरी तिची ऊर्जा सुमारे १,८०० जूलच भरते, म्हणजे वर सांगितलेल्या ७.६२ मिमी गोळीच्या निम्म्याच्या आसपास. तरीही निव्वळ पॉलिएथिलीनच्या ज्या प्लेट ७.६२ मिमीची शिशाच्या गाभ्याची गोळी निर्धोकपणे अडवितात, त्यांतील अनेक प्लेट ही लहान गोळी भेदून जाते. कारण शिसे आघातात पसरते व पोलाद टोकदार राहते. बाभळीचा काटा आणि लाकडी मुसळ यांतील फरक सांगण्यास जूल हे एकक अपुरे पडते.

आपल्या देशात या फरकाची किंमत मोजावी लागली आहे. ३१ डिसेंबर २०१७ रोजी काश्मीरमधील लेथपोरा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या केंद्रावर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोरांनी कठीण पोलादी गाभ्याच्या गोळ्या वापरल्याचे व त्या जवानांच्या आडोशाच्या बुलेटप्रूफ ढालींतून पार झाल्याचे आढळले. बंदूक तीच, एके जातीची. काडतुसाचा व्यासही तोच. बदलला होता तो गाभा.

यास्तव 'एके-४७ ची गोळी अडविते' हे विक्रेत्याचे विधान अपुरे असते. गाभा शिशाचा, मऊ पोलादाचा की कठीण पोलादाचा, हे विचारल्याशिवाय त्या विधानास अर्थ प्राप्त होत नाही.

कोणाची लेव्हल?

विद्यार्थ्याच्या 'चौथ्या लेव्हल'कडे आता वळू. जगभर सर्वाधिक प्रचलित मोजपट्टी अमेरिकेच्या राष्ट्रीय न्याय संस्थेची आहे. तिच्या २००८ च्या आवृत्तीत रायफलच्या गोळीसाठी रोमन अंकांतील तिसरा व चौथा असे दोन स्तर होते. तिसरा स्तर ७.६२ मिमीच्या साध्या गोळीसाठी, चौथा चिलखतभेदी गोळीसाठी. नोव्हेंबर २०२३ मध्ये या संस्थेने नवी आवृत्ती प्रसिद्ध केली व रोमन अंक टाकून देऊन रायफलसाठी आरएफ-१, आरएफ-२ व आरएफ-३ अशी नावे दिली. पहिल्या दोहोंतील मुख्य भेद वर उल्लेखिलेल्या ५.५६ मिमीच्या पोलादी गाभ्याच्या गोळीचा आहे. आरएफ-३ हा जुन्या चौथ्या स्तराचा वारस होय. बाजारात 'तीन प्लस' असा शिक्का मारलेल्या प्लेट मिळतात. असा कोणताही स्तर या संस्थेने कधी ठरविलेला नाही. त्या शिक्क्याचा अर्थ प्रत्येक उत्पादकाच्या कागदपत्रांत शोधावा लागतो.

भारतीय मानक ब्युरोने २०१८ मध्ये बुलेटप्रूफ जाकिटांसाठी आयएस १७०५१ हे मानक प्रसिद्ध केले. त्यात सहा स्तर आहेत. पाचवा स्तर एके जातीच्या कठीण पोलादी गाभ्याच्या गोळीचा, तर सहावा ७.६२ × ५४ मिमीच्या चिलखतभेदी-आगलाव्या गोळीचा आहे. म्हणजे भारतीय मोजपट्टीवर 'चार' हा शेंडा नव्हे. अमेरिकन चार आणि भारतीय चार या भिन्न वस्तू आहेत. दोन विद्यापीठांची गुणपत्रके समोर ठेवून केवळ आकडे पाहणाऱ्या प्रवेश समितीसारखी स्थिती येथे होते. आपल्या देशातील धोक्याचा विचार करूनच भारतीय मानक बेतलेले असल्याने येथील जवानाने प्रथम त्याच मानकाचा दाखला मागावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. २००८ च्या अमेरिकन मानकात तिसऱ्या स्तराच्या प्लेटवर सहा गोळ्या झाडून पाहात, तर चौथ्या स्तरासाठी एकाच गोळीची कसोटी पुरेशी होती. चौथ्या स्तराची प्लेट दुसरी गोळीही अडवील, बऱ्याच अडवितातही. पण नुसत्या शिक्क्यावरून तशी हमी मिळत नव्हती. जो सर्वांत 'भारी' समजला जातो तो शिक्का एका आघाताचा होता, हे खरेदीदारास ठाऊक असले पाहिजे.

पदार्थ : कारखान्यातील ओळखीचे, वेशांतर केलेले

प्लेटचे पदार्थ ऐकून अभियांत्रिकीबाहेरील प्राध्यापक बिचकतात. पण भोसरीच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केलेल्या कोणासही ते परके नाहीत. ग्राइंडिंग व्हील ज्या ॲल्युमिनाचे व सिलिकॉन कार्बाइडचे असते, तेच पदार्थ, अर्थात अधिक शुद्ध व घट्ट भाजलेल्या रूपात, चिलखतात वापरतात. वाळूच्या माऱ्याने धातू स्वच्छ करणाऱ्या यंत्राची तोटी झिजू नये म्हणून ती बोरॉन कार्बाइडची करतात. चिलखतातही बोरॉन कार्बाइड आहे. दोन्ही ठिकाणी अपेक्षित गुण एकच : समोरच्या पोलादापेक्षा अधिक कठीण असणे.

सिरॅमिक प्लेट गोळी कशी अडविते? कठीण पृष्ठभागावर आदळताच गोळीचे टोक बोथट होते, गाभा झिजतो वा फुटतो. त्याच क्षणी सिरॅमिकमध्येही शंकूच्या आकाराची भेग पडते व आघात एका बिंदूऐवजी मोठ्या वर्तुळावर वाटला जातो. मागे चिकटविलेला अरामिड वा पॉलिएथिलीन तंतूंचा थर मग हे सर्व तुकडे जाळ्यासारखे झेलतो. म्हणजे पुढचा थर गोळी मोडतो, मागचा थर तिला पकडतो. या कामगिरीत सिरॅमिक स्वतःचा बळी देते. आघाताच्या जागी ते पुन्हा उपयोगाचे राहात नाही.

या आघाताची तीव्रता कल्पनेत यावी म्हणून एक गणित करून पाहता येईल. ३,४४० जूल ऊर्जेची गोळी २० मिलिमीटर अंतरात थांबविली, तर सरासरी बल १७२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे साडेसतरा टन इतके येते. चाकणच्या शेडमध्ये पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसची क्षमता आपण टनांतच मोजतो. तेवढ्या बळाचा ठोका सेकंदाच्या सुमारे वीस हजाराव्या भागात छातीसमोर पडतो. मात्र संवेग पाहिला तर तो अवघा ८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. सत्तर किलोंचा मनुष्य त्याने सेकंदाला बारा सेंटिमीटरपेक्षा अधिक वेगाने मागे सरकत नाही. गोळी लागताच दहा फूट मागे उडणारी माणसे चित्रपटातच भेटतात.

पदार्थांची तुलना वजनावर येऊन ठेपते. २५ × ३० सेंटिमीटरच्या प्लेटचे क्षेत्रफळ ०.०७५ चौरस मीटर होते. पोलादाची ६ मिमी जाडीची अशी प्लेट सुमारे साडेतीन किलो भरते, आणि अशा दोन लागतात. ॲल्युमिनाचा ९ मिमीचा थर, मागील तंतूंचा थर वगळून, सुमारे २.६ किलो, त्याच जाडीचा बोरॉन कार्बाइडचा थर सुमारे १.७ किलो. कोपरे छाटल्यावर हे आकडे थोडे घटतात. निव्वळ पॉलिएथिलीनची २५ मिमी जाड प्लेट सुमारे १.८ किलोत बसते आणि ती पाण्यावर तरंगते. परंतु कठीण गाभ्यापुढे तिची मर्यादा वर आलीच आहे.

पोलाद स्वस्त, पातळ व टिकाऊ असल्याने प्रथमदर्शनी मोहक वाटते. या पट्ट्यात पोलाद हा जणू मातृभाषेचाच शब्द आहे, म्हणून आपल्या विद्यार्थ्यांस तो मोह अधिक. पण पोलादी प्लेटवर आदळलेली गोळी फुटून तिचे तुकडे प्लेटच्या पृष्ठभागालगत सर्व दिशांना उडतात. त्यांतील वरच्या दिशेचे तुकडे गळा व हनुवटी यांकडे जातात. यावर उपाय म्हणून रबरासारखा लेप देतात, पण तो काही गोळ्यांनंतर फाटतो. शिवाय अतिवेगवान हलकी ५.५६ मिमी गोळी जवळच्या अंतरावरून साध्या झीजरोधक पोलादाच्या प्लेटमध्ये भोक पाडू शकते, जरी तीच प्लेट अधिक जड पण सावकाश गोळ्या अडवीत असली तरी. ज्याला जीव वाचवावयाचा आहे त्याने पोलादी प्लेट घेऊ नये, असे स्पष्ट मत येथे नोंदवावेसे वाटते.

बोरॉन कार्बाइड सर्वांत हलके व कठीण म्हणून ते सर्वश्रेष्ठ, हा निष्कर्षही घाईचा ठरेल. अत्यंत उच्च दाबाच्या आघातात त्याची स्फटिकरचना जागोजागी ढासळते व बळ एकाएकी घटते, हे २००३ मधील संशोधनात दिसून आले. म्हणून सर्वांत भेदक गोळ्यांसाठी सिलिकॉन कार्बाइड थोडे जड असूनही विचारात घेतले जाते.

देशी प्रगतीचे मोजमाप म्हणून एक आकडा उपयुक्त आहे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या कानपूर येथील प्रयोगशाळेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलेल्या जाकिटाची पुढील प्लेट भारतीय मानकाच्या सहाव्या स्तराच्या सहा गोळ्या अडविते. स्वयंपूर्ण रूपात तिचे वजन दर चौरस मीटरला ४३ किलोंहून व मऊ चिलखतासह वापरावयाच्या रूपात ४० किलोंहून कमी असल्याचे सांगण्यात आले. आपल्या ०.०७५ चौरस मीटरच्या प्लेटला हे प्रमाण लावले तर वजन सुमारे तीन ते सव्वातीन किलो येते. म्हणजे सहा मिलिमीटरच्या साध्या पोलादी प्लेटहून कमी वजनात, तिच्या आवाक्याबाहेरच्या गोळीपासून संरक्षण.

स्वयंपूर्ण आणि पूरक

वरील परिच्छेदात दोन रूपांचा उल्लेख आला. निवडीतील सर्वांत घातक चूक येथेच होते, म्हणून त्याचा स्वतंत्र विचार करू. काही प्लेट एकट्याने आपले काम पूर्ण करतात. त्यांस येथे 'स्वयंपूर्ण' म्हटले आहे. काही प्लेट मात्र मागे मऊ चिलखताचा थर असेल हे गृहीत धरूनच बनविलेल्या असतात. त्या 'पूरक' होत. पूरक प्लेट हलकी व पातळ असते, कारण शेवटचे काम तिने दुसऱ्यावर सोपविलेले असते. पूर्ण जाकिटात, जेथे मऊ थर आधीच शिवलेला असतो, ती योग्य निवड ठरते. नुसत्या प्लेट कॅरिअरमध्ये घातली तर तिच्या शिक्क्यावरील स्तर खोटा ठरतो.

यात प्रश्न केवळ आरपार जाण्याचा नाही. गोळी अडली तरी प्लेटची मागील बाजू क्षणभर आत फुगते आणि तो फुगवटा छातीवर आदळतो. चाचणीत प्लेटमागे विशिष्ट मातीचा ठोकळा ठेवतात व त्यात पडलेला खड्डा मोजतात. अमेरिकन मानकात ४४ मिमीपर्यंतचा खड्डा चालतो. चव्वेचाळीस मिलिमीटर म्हणजे बरगडी शाबूत राहीलच असे नव्हे. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयातील मेजर अनूप मिश्रा यांचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. काश्मीरमधील एका कारवाईत त्यांच्या जाकिटावर गोळी लागली. ती शरीरात शिरली नाही, पण आघाताची इजा करून गेली. त्या अनुभवातून त्यांनी चिलखताच्या रचनेचे काम हाती घेतले व 'सर्वत्र' हे पूर्ण शरीरास संरक्षण देणारे जाकीट पुण्यात विकसित केले. डिसेंबर २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्या हस्ते त्यांचा त्यासाठी गौरव झाला.

माप आणि जागा

'सर्वत्र' या नावातच प्लेट कॅरिअरवरील टीका दडलेली आहे. प्लेट कॅरिअर सर्वत्र संरक्षण देत नाही. ते हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या व फुप्फुसांचा बराचसा भाग झाकते. ज्या जखमेने काही मिनिटांत मृत्यू ओढवतो ती जागा आधी झाका, हे त्यामागील तत्त्व आहे. म्हणून प्लेटची जागा बोटभर चुकली तरी तत्त्वच ढळते.

पुढील प्लेटची वरची कड गळ्याच्या खालच्या खळगीशी, म्हणजे दोन्ही हासळ्यांच्या हाडांमधील खोलगट जागेशी, आली पाहिजे. रुंदी साधारणतः दोन स्तनाग्रांमधील अंतराइतकी असावी. खालची कड बेंबीच्या पाच-सहा सेंटिमीटर वर थांबावी, अन्यथा बसताना वा वाकताना प्लेट वर ढकलली जाऊन गळ्याला टेकते. मागील प्लेट पुढील प्लेटच्या समपातळीत हवी. प्रत्यक्षात बहुसंख्य लोक कॅरिअर सैल ठेवतात. प्लेट पोटावर लोंबते आणि हृदयाचा वरचा भाग उघडा पडतो. आरामदायक वाटते म्हणून.

अमेरिकन लष्करी पद्धतीच्या मध्यम प्लेटचे माप २४१ × ३१८ मिमी, तर लहान प्लेटचे २२२ × २९८ मिमी असते. विक्रेता सहसा मध्यम देतो. पाच फूट चार इंच उंचीच्या जवानास लहान प्लेट अधिक योग्य बसण्याचा संभव असतो. उंची, वजन यांवरून नव्हे, तर वर सांगितल्याप्रमाणे छातीवर फूटपट्टी ठेवून माप घ्यावे. महिलांच्या बाबतीत सपाट वा एकाच दिशेने वळविलेली प्लेट छातीवर नीट टेकत नाही व मधली पोकळी आघाताच्या वेळी घातक ठरू शकते. तेथे अनेक दिशांनी वळविलेली प्लेट आवश्यक आहे. मेजर मिश्रा यांनी २०२१ मध्ये पुढे आणलेल्या 'शक्ती' या चिलखतात पुरुष व स्त्री दोघांनाही वापरता येईल अशा रचनेचा विचार होता.

मग करकरे यांच्या बाबतीत अधिक भारी प्लेटने फरक पडला असता काय? गोळ्या जर खांदा व मान यांच्यामधून शिरल्या, तर छातीवरील प्लेट कोणत्याही स्तराची असती तरी तिने त्या मार्गात येण्याचा संभव नव्हता. मान व खांद्याचे संरक्षक भाग असलेले चिलखत हा तेथील उपाय. आणि त्याची किंमत वजन व हालचालीतील अडथळा यांत मोजावी लागते. गाडीतून काही मिनिटांत घटनास्थळी पोहोचणाऱ्या अधिकाऱ्याने ती मोजावी. गडचिरोलीच्या जंगलात दिवसेंदिवस पायी गस्त घालणाऱ्या सी-६० च्या जवानास ती परवडेलच असे नाही. १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात या दलाचे पंधरा जवान व वाहनचालक मृत्युमुखी पडले. तशा स्फोटापुढे छातीवरील प्लेटचा विचारच अप्रस्तुत होतो. विदर्भाच्या उन्हात पाठीवर पाणी, दारूगोळा व शिधा असताना छातीवर आणखी दोन किलो वाढविले, तर जवान थकतो, आडोशाकडे धावण्याचा त्याचा वेग घटतो आणि गोळी लागण्याची शक्यताच वाढते. हलकी पण नेहमी अंगावर राहणारी प्लेट ही वाहनात काढून ठेवलेल्या भारी प्लेटपेक्षा श्रेयस्कर होय.

जपणूक

भूदलाने २०१८ मध्ये १,८६,१३८ जाकिटांसाठी ६३९ कोटी रुपयांचा करार केला. त्या गरजेस मंजुरी २००९ मध्येच मिळाली होती. मधली नऊ वर्षे चाचण्या, फेरनिविदा व तात्पुरत्या खरेदीत गेली. इतक्या प्रयासाने आलेली वस्तू नंतर कशी ठेवली जाते, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

ग्राइंडिंग व्हील यंत्रावर चढविण्यापूर्वी जुना कारागीर ते बोटावर अडकवून हलकेच ठोकतो व नाद ऐकतो. बद्द आवाज आला तर व्हील बाजूला ठेवतो. सिरॅमिक प्लेटही खाली पडल्यास आतून तडकते, पण वर कापडाचे आवरण व मागे तंतूंचा थर असल्याने नादाची परीक्षा तेथे विश्वासार्ह राहात नाही. खात्रीसाठी क्ष-किरण तपासणी लागते. आपल्या परिसरातील फाउंड्रींना ओतकामातील दोष शोधण्यासाठी ही तपासणी नित्याची आहे. जुन्या प्लेटची अशी नियतकालिक तपासणी करून देण्याचे काम येथील प्रयोगशाळांना अवघड जाऊ नये. महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र व यंत्र अभियांत्रिकी विभागांनी त्यात पुढाकार घेण्याजोगा आहे.

तंतूंची गोष्ट वेगळी. पॉलिएथिलीन उष्णतेने मऊ पडते. मे महिन्यात बंद वाहनाच्या डिकीत अशी प्लेट दिवसभर ठेवणे योग्य नव्हे. अरामिडला ऊन व दमट हवा बाधते, म्हणून त्याचे आवरण फाटले तर ते वेळीच बदलावे. झायलॉन या तंतूची कथा तर सर्वज्ञात व्हावी अशी आहे. प्रयोगशाळेत अत्यंत बळकट ठरलेल्या या तंतूचे जाकीट घातलेला अमेरिकेतील एक पोलीस २००३ मध्ये गोळी आरपार जाऊन गंभीर जखमी झाला. आर्द्रता व उष्णता यांमुळे तंतू वापरातच क्षीण होतो हे तपासाअंती स्पष्ट झाले आणि २००५ मध्ये राष्ट्रीय न्याय संस्थेने त्यावरचा विश्वास काढून घेतला. म्हणून प्लेटवरील उत्पादनाची तारीख व उत्पादकाने दिलेली मुदत पाहिल्याशिवाय, विशेषतः वापरलेली प्लेट, घेऊ नये.

हे सर्व सांगितल्यावर त्या विद्यार्थ्यास त्याने पसंत केलेल्या प्लेटच्या मागील चिठ्ठीचे छायाचित्र पाठविण्यास सांगितले. चिठ्ठीवर चौथा स्तर होता, पण अमेरिकन. माप मध्यम, आणि विद्यार्थ्याची छाती लहान मापाची. उत्पादनाची तारीख पुसट झालेली होती. त्याखाली बारीक अक्षरांत ती प्लेट मऊ चिलखतासोबतच वापरावी अशी सूचना होती. त्याच्या प्लेट कॅरिअरमध्ये मऊ थर नव्हता. व्यवहार अद्याप पुरा झाला नव्हता. त्याने ती प्लेट घेतली नाही, आणि दुसऱ्या दिवशी छातीचे माप घेऊन पुन्हा फोन केला.